बाबांसमोर उभी राहायचे ते रविवार

मला पक्ष्यांची आवड आहे, असा शाळेतल्या सगळ्यांचा समज आहे. वर्गात शिकवताना खिडकीबाहेर काही ओरडलं की मी खडू थांबवून त्याचं नाव सांगते, म्हणून. खरं सांगायचं तर मला पक्ष्यांचं काडीचंही प्रेम नाही. ती नावं मी बाबांसाठी पाठ केली, पाढे पाठ करावेत तशी, आणि बरीचशी चिडत.

बाबा वनखात्यात नाकेदार होते. नाकेदार म्हणजे जंगलाच्या एका तुकड्याची राखण करणारा, खाकी कपड्यांतला, खात्यातला अगदी तळाचा माणूस. आजोबा भंडाऱ्याकडून कारखान्यात कामाला म्हणून जबलपूरला आले आणि इथलेच होऊन गेले. बाबांनी मात्र कारखान्याऐवजी जंगल धरलं. उभी नोकरी मंडला-डिंडोरीकडे झाली आणि निवृत्त होऊन ते जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या घरी परतले, तेव्हा त्यांना घरात काय करायचं तेच कळेना. भिंतीकडे बघत बसायचे. मग खात्यातल्या एका जुन्या ओळखीच्या साहेबांनी त्यांना रविवारची फेरी दिली आणि आमच्या घरात जरा जीव आला.

शहराबाहेर तलावाकाठी एक राखीव जंगल आहे. शाळांना सुट्ट्या लागल्या की तिथं मुलांचं निसर्ग शिबिर भरायचं आणि दर रविवारी मुलांसोबत घरच्यांनीही यायचं, अशी पद्धत होती. पहाटे साडेपाचला फाटकापाशी जमायचं, ऊन चढायच्या आत दोन तास पायी फिरायचं. मग मुलांनी वडाखाली बसून पानांचे ठसे काढायचे, चिखलातल्या पंजांवर प्लास्टर ओतायचं, आणि मोठ्यांनी डब्यातले पोहे आणि वाटेत घेतलेली खव्याची जिलबी खायची. राइट टाउनसारख्या चांगल्या वस्तीतली शिकलीसवरलेली मंडळी पोरांना स्कूटरवर बसवून यायची. एरवी नाकेदाराला ‘ए भैया’ म्हणणारी ही माणसं बाबांच्या मागे चवड्यांवर चालायची. बाबा थांबले की सगळे थांबायचे. बाबा बोट वर करायचे, म्हणायचे, “सुनिए.” पाखरू दिसायच्या आधीच त्याचं नाव, त्याचं घरटं, त्याचा स्वभाव, सगळं सांगून मोकळे व्हायचे. अशा वेळी त्यांची मान जरा ताठ व्हायची. ते मी पाहिलं आहे आणि तेवढ्यासाठी बरंच काही सहन केलं आहे.

कारण बाबांना ऐकू येत नव्हतं.

आई गेल्यावर बाबा बहिरे झाले, असं नातेवाइकांना वाटतं. दुःखानं कान गेले म्हणतात. तसं काही नव्हतं. कान कितीतरी आधी गेले होते, आईनं कळू दिलं नव्हतं, इतकंच. ती त्यांच्यासमोर उभी राहून बोलायची. पाहुणे काही विचारायचे तर तीच तो प्रश्न पुन्हा म्हणायची, लोकांना वाटायचं बाई बडबडी आहे. बाबा तिच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायचे. आई गेल्यानंतरच्या पहिल्याच पौर्णिमेला आम्ही घरी वंदना म्हणायला उभे राहिलो, आम्ही दुसऱ्या ओळीवर गेलो तरी बाबा पहिल्याच ओळीवर होते, आणि नजर शेजारच्या रिकाम्या जागेकडे. मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि बरोबर सूर धरला. तेव्हा मला कळलं, आणि त्यांना कळलं की मला कळलं.

कानाचं यंत्र आणलं होतं. जंगलात त्यातून नुसती खरखर येते म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. पण फेरी सोडायची नव्हती. “डोळे आहेत ना माह्ये,” म्हणाले, “कानाचं तू बघ.”

म्हणजे काय ते हळूहळू ठरलं. घरी ते मला तोंडानं आवाज काढून दाखवायचे, स्वतःला ऐकू येत नसलेले आवाज, आठवणीतून. तांबट असा ठोकतो, हळद्या अशी शीळ घालतो, कोतवाल सकाळी वेगळा बोलतो आणि दुपारी वेगळा. मी पाठ करायची. रविवारी लोकांकडे पाठ करून, बाबांसमोर तोंड करून, सगळ्यांच्या पुढे उभी राहायची. काही ओरडलं की आवाज न काढता ओठांनी नाव सांगायची, मराठीत. बाबा बोट वर करायचे आणि तेच हिंदीत लोकांना सांगायचे. लोकांनी काही विचारलं तर तेही मी तसंच पोचवायची. मागच्यांना फक्त माझी वेणी दिसायची. पहिल्या उन्हाळ्यात मी दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा ऑटोत बसून त्यांची बोलणी खाल्ली. “हे काय सांगून राहिली होती तू? लोकं मले येडा म्हणतील ना!” जसा काही सगळा दोष माझ्या तोंडाचा.

बाबांना हिंदी यायची नाही असं कुणी समजू नये. उभा जन्म हिंदीत गेला. पण हिंदी त्यांच्याकडे कानांवाटे आली होती आणि कान मिटल्यावर येणं थांबली. ओठ वाचणं ते शिकले फक्त दोन चेहऱ्यांवर, आईच्या आणि माझ्या, आणि आम्ही दोघी त्यांच्याशी मराठीशिवाय कधी बोललो नव्हतो. कुणी समोर येऊन हिंदीत बोललं तर ते हसायचे, मान हलवायचे, आणि डोळ्यांनी मला शोधायचे. हे मला माहीत होतं. इतकं माहीत होतं की त्याचा विचार करायची गरजच मला वाटेनाशी झाली होती.

तीन उन्हाळे असे गेले. माझं मन काय म्हणत होतं तेही लिहून टाकते. मी मुलीला घेऊन बाबांकडेच राहायची; नवरा नागपूरला नोकरीला, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं परत जायचा. वर्षभर शाळा, घर, मुलीचा अभ्यास, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तो घरी असायचा त्या एका दिवशी मी पहाटे साडेचारला उठून जंगलात ओठ हलवत उभी. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मला त्या शिबिराचा वीट आला होता. त्या राइट टाउनवाल्यांचा, त्यांच्या दुर्बिणींचा आणि जिलबीचाही. बाबांचाही यायचा कधी कधी.

चौथ्या वर्षी शिबिराची व्यवस्था बदलणार अशी बातमी आली. शिकलेला नवा माणूस येणार, टेपच्या पेटीतून पक्ष्यांचे आवाज वाजवून दाखवणार. मोठे साहेब एका रविवारी सहकुटुंब येणार आणि बाबांची फेरी ठेवायची की नाही ते ठरवणार. बाबांनी मला मंगळवारी सांगितलं. बुधवारी पुन्हा सांगितलं. शुक्रवारी खाकी शर्टाला स्वतः इस्त्री केली. फेरी गेली तर ते पुन्हा भिंतीकडे बघत बसतील, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

आणि शनिवारी नवरा आला, आणि जेवताना म्हणाला, “उद्या तरी घरी आहेस का?” साधाच प्रश्न. मी डोक्यात राख घालून घेतली. त्याला बोलले, मुलीला बोलले, शेवटी बाबांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “उद्या मी येणार नाही. पोरीला घेऊन जा. तिला माझ्याहून जास्त येतं.”

खोटं नव्हतं ते. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती आणि तिन्ही उन्हाळे आमच्यासोबत फिरली होती. मला पाठ करावं लागायचं ते तिला नुसतं यायचं. आवाज ऐकून नर की मादी तेही सांगायची.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, “उद्या मोठे साहेब येऊन राहिले.”

“माहीत आहे.”

त्यांनी मुलीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. काहीतरी म्हणणार होते. मग म्हणाले, “चलो, ठीक आहे.”

मी मुलीला समजावलं. बाबांना ती नाना म्हणायची. नानांच्या समोर उभी राहा, आवाज करू नकोस, ओठांनी नाव सांग, सावकाश. ती आनंदानं नुसती उडत होती. “हाँ मम्मी, मालूम है, रोज़ तो देखती हूँ आपको,” म्हणाली.

पहाटे नेहमीच्या ऑटोची घरघर ऐकू आली, फाटक वाजलं, आणि मी कूस बदलली. चार उन्हाळ्यांत पहिल्यांदाच रविवारी उजाडल्यावर उठले. चहा केला. नवरा पेपर वाचत होता. पेपरातून डोकं वर न काढता त्यानं सहज विचारलं, “ती नानांना कुठल्या भाषेत सांगणार?”

मी चहाचा कप तसाच ठेवला.

आमच्या घरात मी मराठीत बोलायची आणि मुलगी हिंदीत उत्तर द्यायची. शाळेत मागे पडू नये म्हणून तिला लहानपणी हिंदीत घातलं ते मीच. मी स्वतः शिक्षिका, मला जास्त कळतं ना! बाबा एकदा म्हणाले होते, “पोरीले मराठी काहून नाही बोलायला लावत?” मी म्हटलं होतं, “समजतं तिला सगळं.” समजायचंच. तिला आमचं समजायचं आणि मला तिचं, त्यामुळे ती कुठल्या भाषेत बोलते आहे हे माझ्या लक्षातही यायचं नाही. बाबा तिच्या बोलण्यावर हसायचे, मान हलवायचे, डोक्यावरून हात फिरवायचे. आजा-नातीचं किती गूळपीठ आहे असं मला वाटायचं. ती समोर बसून तासन्‌तास त्यांना शाळेतल्या गोष्टी सांगायची, आणि त्या माणसाला त्यातलं एक वाक्य कधी कळलं नव्हतं. दहा वर्षं. बाबांनी हे मला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर दोष नातीचा वाटला असता. मी विचारलं नाही, कारण मी घाईत होते.

नवऱ्यानं स्कूटर काढली. पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते, ऊन टोचायला लागलं होतं. तलावाच्या बांधावर घोळका दिसला. पुढे बाबा, इस्त्रीचा खाकी शर्ट, बोट वर. त्यांच्यासमोर माझी मुलगी, लोकांकडे पाठ करून, मी उभी राहायची तश्शीच. टाचा उंच करून. मी नीट समजावलं होतं ना, तसंच सगळं करत होती.

झाडीतून हळद्याची शीळ आली, स्वच्छ, दोनदा. मुलीचं डोकं हललं. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते, अंधारात सुई ओवणाऱ्या माणसासारखे. मग म्हणाले, “सुनिए. टिटहरी है. पानी के पास रहती है.” हळद्याची टिटवी झालेली ऐकून कुणीतरी खुसखुसलं. मला समजलं ते काय करत होते. ऐकू येत नाही आणि पोचतही नाही म्हटल्यावर, या जागी, या वेळी, या महिन्यात जे बोलायला हवं त्याचं नाव घेत होते. चाळीस वर्षांचं ज्ञान पणाला लावून अंदाज सांगत होते. काही बरोबर येत असतील, काही नाही. मुलगी जोरजोरात डोकं हलवत नाही म्हणत होती.

मी माणसांमधून पुढे घुसायला लागले. तेवढ्यात मोठे साहेब पुढे झाले. चांगला माणूस होता, अजून सांगते. आवाजात कौतुक होतं. म्हणाले, “चाचा, आपकी उमर कितनी हो गई?”

बाबांनी मुलीकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. बाबांनी बोट वर केलं.

“नौरंग है साहब,” ते म्हणाले. “इसी हफ़्ते आया है.”

वय विचारलं आणि नवरंग पाखराचं नाव आलं. लोक हसले. वाईट हसू नव्हतं ते, म्हाताऱ्या माणसाच्या गमतीला हसतात तसं. काहींना वाटलं बाबांनी विनोद केला. साहेब हसले नाहीत. त्यांनी बाबांकडे नीट पाहिलं, मग मुलीच्या पाठीकडे, आणि त्यांना सगळं कळलं. बाबांनाही कळलं, कारण लोकांचे दात दिसत होते. त्यांनी बोट हळूच खाली घेतलं आणि शर्टाची घडी नीट केली. तोवर मी पोचले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, पण सांगायला काही उरलंच नव्हतं. बाबा माझ्याकडे बघेनात. ओठ हलवून तरी काय उपयोग, समोरच्यानं पाहिलंच नाही तर?

रागावून बाबांनी मला काही बोलावं असं मला फार वाटत होतं. ते बोलले नाहीत. आपलेच दात, आपलेच ओठ.

पुढच्याच रविवारी त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि फाटकाजवळ एक प्लास्टिकची खुर्ची. तिथं बसून त्यांनी येणाऱ्या कुटुंबांचं स्वागत करावं, असं ठरलं. दोन रविवार बसले. पेटीतून पाखरांचे आवाज यायचे आणि लोक तिकडे पळायचे. तिसऱ्या रविवारी ऑटो दारात येऊन उभा राहिला, बाबा उठलेच नाहीत.

मोठे साहेब आले होते त्या दिवशी घरी येताना मुलगी रडकुंडीला आली होती. “मैं तो सब सही बोल रही थी,” म्हणाली, “नाना ने एक भी नहीं लिया. मेरी सुनते ही नहीं.” मी तिला तेव्हा सगळं सांगायला हवं होतं. सांगितलं महिन्याभरानं, तेही अर्धवट. नाना ओठ वाचतात, पण फक्त माझे, इतकंच. का, ते नाही. त्याच दिवशी संध्याकाळी बाबांनी मला विचारलं होतं, “पोरगी रागावली का माह्यावर?” मी म्हटलं, “नाही.” त्यांचा विश्वास बसला नसावा.

त्यानंतर मी दोघांच्या मध्ये बसायला लागले. ती बोलायची, मी बाबांकडे तोंड करून तेच मराठीत म्हणायची. प्रायश्चित्तच म्हणा. पण प्रायश्चित्तही रोज करायचं म्हटलं की माणूस काटकसर करतो. गॅसवर भाजी असायची, वह्या तपासायच्या असायच्या. ती दहा वाक्यं बोलली की मी तीन सांगायची. तिला ते कळायचं. “इतना ही बोला आपने? मैंने तो कितना सारा बोला था.” हळूहळू ती कमी बोलायला लागली. बाबांनी माझ्याकडे बघणंही कमी केलं. दोघं शेजारी बसून खिडकीबाहेर बघायचे.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात बाबांनी अंथरूण धरलं. डिसेंबरातल्या एका दुपारी मुलगी पलंगाजवळ येऊन उभी राहिली. बाबा जागे होते, शुद्धीत होते. ती मला म्हणाली, “मम्मी, नाना को बोलो, उस दिन मैंने सब नाम सही बताए थे. उनको लगता होगा मैंने गड़बड़ की.”

मी बाबांसमोर वाकले. ते माझ्या तोंडाकडे बघायला लागले, पूर्वीसारखे, लक्ष देऊन. आणि मला कळलं, हे सांगायचं तर पुढचंही सांगावं लागेल. पोरीनं बरोबर सांगितलं होतं, तुमचंही काही चुकलं नव्हतं, मग उरलं कोण? त्या माणसानं मला एकदाही विचारलं नव्हतं की तू का आली नाहीस. मी ओठ हलवले. म्हणाले, “पाणी हवं का?”

बाबांनी मान हलवून नको म्हटलं.

“बोल दिया?” मुलीनं विचारलं.

“बोल दिया.”

“क्या बोले?”

“हसले,” मी म्हटलं. “म्हणाले, मला माहीत होतं.”

तिचा चेहरा फुलला. ती वाकून बाबांच्या छातीवर डोकं ठेवून राहिली, आणि ते तिच्या केसांवरून हात फिरवत मला डोळ्यांनी विचारत राहिले, काय झालं? मी चादर नीट करत होते. आठवड्याभरात ते गेले.

मुलगी आता पुण्याला शिकते. मैत्रिणींमध्ये राहून तिची मराठी माझ्याहून चांगली झाली आहे. सुट्टीत घरी आली की कुणा ना कुणाला ती ही गोष्ट सांगते, हिंदीत नाही, चांगल्या मराठीत. नाना कसे बहिरे होते, ती कशी चवड्यांवर उभी राहून नावं सांगत होती, किती फजिती झाली. आणि शेवटी नाना कसे हसले आणि म्हणाले, मला माहीत होतं. सांगताना तिचे डोळे भरतात. लोक माझ्याकडे बघतात आणि मी मान हलवते.

बाबांना मी काही सांगितलंच नव्हतं.